आगकाडीएवढी फट

शनिवारी दुपारी पाऊण वाजता कारागिराच्या टेबलावर दोन पांढरे डबे उघडे पडले होते. एका डब्यात डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंचे दात होते आणि दुसऱ्यात तीन इंच उंचीचा एक गायक होता. दोन्ही कारागिरानेच घडवले होते, दोन्हींत नाव ठेवायला जागा नव्हती (हे त्याचं स्वतःचं मत), आणि दोन्ही त्याच दिवशी आपापल्या जागी पोचायचे होते. दात सासूबाईंच्या तोंडात आणि गायक खिडकी मंडळाच्या मेळाव्यात.

कारागीर म्हणजे दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवणारा माणूस. पेशंटला वाटतं कवळी डॉक्टर बनवतात, आणि डॉक्टरही हा गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नाहीत. एकोणीस वर्षं तो त्या खोलीत मेण वितळवत, प्लास्टर कालवत आणि लोकांचे दात घासून चकचकीत करत बसला होता. कामाचा त्याला कंटाळा नव्हता. पण कवळीचं असं असतं, की ती चांगली झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आली तर ती चांगली झालेली नसते. एकोणीस वर्षांत त्याला कुणी शाबासकी दिली नव्हती.

ती कसर तो दादांच्या नावाने भरून काढायचा. दादा म्हणजे तो गायक. पन्नास वर्षं गिटार घेऊन गाणारा, आता सत्तरीला टेकलेला, पण ज्याला साठीचे लोकही दादाच म्हणत. आवाज घोगरा, हसू मोकळं, आणि पुढच्या दोन दातांमध्ये एक फट. चाहत्यांनी त्या फटीला लाडाने ‘खिडकी’ म्हणायला सुरुवात केली आणि मग स्वतःला खिडकी मंडळ. मंडळाचा वर्षातून एकदा मेळावा भरे आणि त्यात चाहत्यांनी हाताने केलेल्या वस्तूंची स्पर्धा असे. गाण्यांच्या ओळी विणलेले मफलर, दादांच्या चेहऱ्याच्या उशा, बटणांची गिटार. पहिला नंबर आलेली वस्तू मंचावर खुद्द दादांच्या हातात द्यायला मिळे. गेली चार वर्षं तो मान रेशीमबाईंकडे होता. या बाई रेशमाने दादांचं चित्र असं भरत, की लांबून फोटो वाटावा. कारागीर चारही वर्षं दुसरा आला होता.

यंदा मात्र त्याने कंबर कसली होती. अकरा महिने, रोज काम आटोपल्यावर एक तास. कवळीच्याच गुलाबी प्लास्टिकचा चेहरा, प्लास्टरचे बूट, कवळी अडकवायच्या बारीक तारेच्या गिटारच्या सहा तारा, आणि मान मागे टाकून हसणाऱ्या तोंडात सुईच्या टोकाने पाडलेली खिडकी. वस्तूचं नाव ‘दादांचं हसू’. बायकोने तो बाहुला भिंगातून पाहिला आणि म्हणाली, "माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलंत का हो? मागे केस कापले, ते चार दिवसांनी कळलं तुम्हाला."

आता दातांची कथा. सासूबाईंची जुनी कवळी दोन महिन्यांपूर्वी बेसिनमध्ये पडून दुभंगली. घरातच दातांची डॉक्टर असल्यावर काळजी कसली, असं सगळ्यांना वाटलं. पण सासूबाईंनी वहीचं पान फाडून त्यावर एक अट लिहून दिली. दात नसताना बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून त्या दोन महिने लिहूनच बोलत होत्या. घरात त्यामुळे शांतता होती आणि त्याबद्दल उघड आनंद कुणी दाखवत नव्हतं. अट अशी होती: ‘माझ्या मूळच्या दातांत पुढे फट होती. तशीच हवी. जुन्या डॉक्टरने माझं ऐकलं नव्हतं.’

"आई, दातांच्या डॉक्टरच्या सासूच्या कवळीत फट! लोक मला हसतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पानाच्या मागच्या बाजूला लिहिलं: ‘हसतील त्यांचे दात दिसतील.’

मुलाला विचारलं, तर त्याला आईच्या मूळच्या दातांत फट होती की नव्हती हे आठवेना. आई रागावल्यावरचे दात काय ते त्याला आठवत होते. जुना फोटो मागितला, तर प्रत्येक फोटोत सासूबाईंचं तोंड घट्ट मिटलेलं. डॉक्टरीणबाईंनी कारागिराकरवी हळूच बिनफटीची कवळी बनवून घेतली. ती परत आली. मग केसभर फट ठेवली. तीही परत आली. सोबतच्या चिठ्ठीत आगपेटीतली एक काडी चिकटवलेली होती आणि खाली लिहिलं होतं: ‘ही आरपार गेली पाहिजे. पडताही कामा नये.’

तिसरी कवळी कारागिराने त्या काडीच्या मापाने केली. अकरा महिने दादांची खिडकी कोरून हात बसलेला होताच. योगायोगाचं त्याला हसूही आलं. एवढ्या करड्या बाईंच्या तोंडात अगदी दादांसारखी खिडकी!

"कारागीर, आज सहाला फोटोग्राफर येणार आहे," डॉक्टरीणबाई सकाळपासून चौथ्यांदा सांगून गेल्या. "माझी लेक उद्या पहाटे शिकायला परदेशी निघतेय. सगळं घर एकत्र यायची ही शेवटची संध्याकाळ. आणि आईंनी लिहून दिलंय, दात नाहीत तर फोटो नाही. लेक रडकुंडीला आलीय. हे दात आज त्यांच्या तोंडात बसले नाहीत ना, तर मी माहेरी जाईन आणि तुम्ही तुमच्या."

"बसणार, मॅडम. काडी घालून बघितलीय."

"आणि चिठ्ठी डब्याला लावा. झाकणाला नाही!"

हा वाद एकोणीस वर्षांचा होता. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, चिठ्ठी डब्याला लावावी. कारागिराचं म्हणणं, झाकणावर लावली की डबे एकावर एक रचले नाहीत तर वरून एका नजरेत वाचता येतं. त्याने ‘हो मॅडम’ म्हटलं आणि दोन्ही चिठ्ठ्या झाकणांना लावल्या. एकीवर ‘सासूबाई – सहाच्या आत’, दुसरीवर ‘दादांचं हसू’. मग शेवटचं एकदा डोळे भरून बघावं म्हणून दोन्ही झाकणं काढली. दातांखालचा कापूस पुन्हा ओला केला, कारण कवळी कोरडी पडली की बिघडते. दादांच्या बुटावरची धूळ फुंकली. तेवढ्यात बाहेरून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, "कारागीर, मी निघतेय! आणा डबा!" त्याने घाईघाईने हाताला येतील ती झाकणं बसवली, दोन्ही डब्यांना चिकटपट्टी लावली आणि झाकण वाचून ‘सासूबाई’ त्यांच्या हातात दिला.

पुढे काय झालं ते वाचकाच्या लक्षात आलंच असेल. कारागिराच्या लक्षात यायला पावणेचार वाजले.

मेळावा एका मोठ्या सभागृहात होता. तिथे नियम कडक. मागे एकदा एकीने दुसरीची कलाकृती आदल्या तासात बघून आपल्यात बदल केला होता, तेव्हापासून प्रत्येकाने आपली वस्तू बंद डब्यात दारावर द्यायची आणि बाहेर बसायचं. डबे आत परीक्षकच उघडणार, वस्तू काळ्या मखमलीवर मांडणार, गुण देणार, आणि मगच दार उघडणार. कारागिराने डबा दिला, सही केली आणि बायकोशेजारी बाकावर जाऊन बसला. आजूबाजूला नेहमीची चर्चा रंगली होती.

"गेल्या सहा वर्षांत दादांच्या गाण्यात ती शिट्टी आलीय बघा," रेशीमबाई डोळे मिटून सांगत होत्या. "‘श’ आला की बारीक शीळ. काय ती नजाकत! उतारवयात माणूस नवं काही शोधतो, याला म्हणतात साधना."

"वा!" कारागीर मनापासून म्हणाला. तो ती शीळ घरी आरशासमोर करून बघायचा. त्याला जमत नसे.

पावणेचारला त्याचा फोन वाजला.

"कारागीर," डॉक्टरीणबाईंचा आवाज इतका थंड होता की त्याने फोन कानापासून जरा लांब धरला. "आईंच्या डब्यात एक बाहुला आहे."

"बा... बाहुला?"

"गिटारवाला. मी सगळ्यांना जमवून, हौसेने, आईंच्या पुढ्यात डबा उघडला. आत हा! दात काढून हसतोय माझ्याकडे बघून. तुम्ही थट्टा चालवलीय का?"

"मॅडम, सासूबाई काय म्हणाल्या?"

"काहीच लिहीत नाहीयेत. नुसत्या त्याच्याकडे टक लावून बसल्यात. पाऊण तास झाला. त्यांना धक्का बसलाय. कारागीर, दात कुठे आहेत?"

कारागिराने बंद दाराकडे पाहिलं. "सुरक्षित आहेत, मॅडम. आलोच घेऊन." फोन बंद करून तो बायकोकडे वळला. "झाकणं."

"काय झाकणं?"

"अदलाबदल झाली. आत दात आहेत."

बायकोने पदराने, म्हणजे खरं तर ओढणीने, तोंड दाबलं. हसणं आवरायला तिला बराच वेळ लागला.

दाराशी मंडळाचा एक दाढीवाला खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या अंगातल्या शर्टावर दादांचं तोंड छापलेलं होतं आणि पोटामुळे ती खिडकी चांगली वीतभर रुंद झाली होती.

"मला आत जाऊ द्या हो. माझे दात आत राहिलेत," कारागीर म्हणाला.

दाढीवाल्याने त्याच्या तोंडात वाकून पाहिलं. "आहेत की तोंडात."

"हे माझे. ते दुसऱ्याचे. म्हणजे सासूबाईंचे."

"तुमच्या सासूबाई आत आहेत?"

"माझ्या नव्हे, मॅडमच्या! आणि त्या आत नाहीत, त्यांचे दात आत आहेत!"

"साहेब," दाढीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "गेल्या वर्षी एक जण इन्सुलिन आत राहिलंय म्हणून घुसला आणि आपल्या उशीला दोन टाके घालून आला. नियम म्हणजे नियम. साडेचारला दार उघडेल."

साडेचारला दार उघडलं. कारागीर लोकांच्या कोपराखालून आत शिरला आणि जागीच थिजला. सभागृहाच्या मध्यभागी काळ्या मखमलीवर, वरून एका दिव्याचा झोत घेत, सासूबाईंचे दात हसत होते. खाली कार्ड होतं: ‘दादांचं हसू’. त्यावर लाल फीत होती: ‘प्रथम क्रमांक’. भोवती चाहत्यांचं कडं पडलं होतं आणि एक बाई डोळे पुसत होत्या.

मुख्य परीक्षक माइकवर बोलत होते. "बाकी सर्वांनी दादांचा चेहरा केला, हात केले, गिटार केली. या कलावंताने पूर्ण माणूस दाखवण्याचा सोपा मोह टाळला! फक्त हसू ठेवलं. आणि खाली ओला कापूस! भर पावसात भिजत झालेली दादांची ती मैफल ज्यांनी अनुभवली, त्यांना या ओलाव्याचा अर्थ सांगायला नको."

अकरा महिने पूर्ण माणूस दाखवण्यात घालवलेला कारागीर हे ऐकत होता. त्याला पहिल्यांदा शाबासकी मिळत होती आणि ती चार दिवसांत उरकलेल्या पगारी कामाला मिळत होती.

"दात?" शेजारी रेशीमबाई पुटपुटल्या. त्यांच्या हातात दुसऱ्या क्रमांकाची निळी फीत होती. "मी सव्वा वर्ष टाके घातले. भुवईलाच सात छटा वापरल्या. आणि दात?"

"तुमचं बरोबर आहे," कारागीर म्हणाला. हे त्याने इतक्या कळकळीने म्हटलं की रेशीमबाईंना तो टोमणा वाटला.

त्याने मखमलीकडे हात नेताच दाढीवाल्याने तो अलगद धरला. "आता नाही हात लावायचा. पाचला दादा येतील, तुम्ही मंचावर त्यांना द्यायचं."

"द्यायचं म्हणजे... ते नेतात?"

"नेतात म्हणजे काय! घरी कपाटात ठेवतात म्हणे. मानाची गोष्ट."

कारागीर बायकोला कोपऱ्यात घेऊन गेला. "आता काय करायचं? खरं सांगितलं तर सगळ्यांसमोर शोभा. नाही सांगितलं तर सासूबाईंचे दात दादांच्या कपाटात. आणि ती पोरगी उद्या निघतेय, तिला आजीचा फोटो मिळणार नाही. माझी नोकरी जाईल ते वेगळंच."

"फीत परत करा आणि दात घ्या."

"परीक्षक मानतील? त्यांना वाटेल विनयाने बोलतोय."

"मग दादांनाच सांगा. पण आधी त्या दातांवर पाणी मारा. दिव्याखाली वाळताहेत." बायको बारीकसारीक गोष्टींत नेहमीच बरोबर असे. तिने पाण्याची बाटली काढली आणि दाढीवाल्याला सांगितलं, "ओलावा कमी होतोय. अर्थ बदलेल." त्याने स्वतः कापूस भिजवला.

पाचाचे सव्वापाच झाले. टाळ्यांच्या कडकडाटात दादा आले. कारागीर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. त्याने कवळी पुढे केली. दादांनी ती घेतली, उजेडात फिरवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सराईत हसू हळूहळू मावळलं.

"ही फट," ते म्हणाले. "कुणाकडे आगकाडी आहे का?"

दादांनी मागितल्यावर काय, मागच्या रांगांतून तीन आगपेट्या मंचावर येऊन पडल्या. दादांनी एक काडी घेऊन फटीत सरकवली. ती आरपार गेली आणि तिथेच अडकून राहिली.

"गाणं सुरू केलं तेव्हाची गोष्ट," दादा माइकवर म्हणाले. "गिटार जुळवताना दोन्ही हात गुंतलेले. मग मी विडीसाठी काढलेली आगकाडी इथे खिडकीत अडकवायचो आणि जुळवून झालं की काढायचो. पहिलं वर्षभरच. पुढे मला गिटार जुळवून द्यायला माणूस मिळाला. त्या वर्षी माझं गाणं ऐकायला पंधरा-वीस माणसं असायची फार तर. माझी खिडकी अगदी एवढीच होती. मोजली कुणी?"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दादांनी शर्टाच्या खिशातलं न पुसणारं काळं पेन काढलं आणि कवळीच्या टाळूवर झोकात सही ठोकली. "हे आता माझ्या घरी!"

कारागिराने दादांच्या कानाशी तोंड नेलं आणि एका दमात सांगून टाकलं, "दादा, ही वस्तू नाही, खरी कवळी आहे. आमच्या मॅडमच्या सासूबाईंची आहे. झाकणं बदलली. सहाला त्यांचा फोटो आहे आणि नात उद्या निघतेय. माफ करा."

दादांनी माइक बाजूला केला. त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही दात बनवता? धंदाच हा?"

"एकोणीस वर्षं."

"मग एक सांगतो, कुणाला बोलू नका." दादा आणखी जवळ सरकले. "माझे सहा वर्षांपूर्वी गेले. हे बनवलेले आहेत. बनवणाऱ्याने फट एवढी रुंद ठेवलीय की ‘श’ म्हटलं की शिट्टी वाजते. मला लाज वाटते आणि लोक वन्स मोअर देतात."

कारागीर बघतच राहिला. आता इतक्या जवळून त्याला हिरडीचा रंगही दिसला, दातांची चकाकीही दिसली. एकोणीस वर्षं कवळ्या केलेल्या माणसाला सहा वर्षं हे कळलं नव्हतं. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात, चाहत्याचं तर विचारूच नका.

"पत्ता द्या तुमचा," दादा पुटपुटले, आणि माइकवर मोठ्याने म्हणाले, "या कारागिरांचं काम अजून थोडं बाकी आहे. ते पूर्ण करायला मी हे त्यांना परत देतोय!" लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. त्या संध्याकाळी लोक कशालाही टाळ्या देत होते.

स्कूटरवर बायको मागे, तिच्या एका हातात डबा, दुसऱ्यात करंडक. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "सही पुसायला हवी ना?"

"हवी," कारागीर म्हणाला. "पुसशील?"

"मी नाही पुसणार. तुम्ही पुसा."

दोघांनीही पुसली नाही. पोचले तेव्हा सहाला दहा कमी होते.

घरात सगळे नटूनथटून बसले होते. नात डोळे लाल करून कोपऱ्यात, फोटोग्राफर सारखा घड्याळ बघत, आणि मध्यभागी खुर्चीवर सासूबाई, मांडीवर तो बाहुला. डॉक्टरीणबाईंनी डबा हिसकावून घेतला, कवळी उघड्या नळाखाली धरली आणि किंचाळल्या.

"हे काय आहे? टाळूवर काय लिहिलंय?"

"सही आहे, मॅडम." खोटं बोलायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. "दादांची. म्हणजे हा बाहुला ज्यांचा आहे, त्यांची. मी आत्ता स्पिरिटने..."

खाड्कन टेबलावर चष्म्याची केस आपटली. सासूबाईंनी हात पुढे केला होता. डॉक्टरीणबाईंनी निमूटपणे कवळी त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी चष्मा लावला, खिडकीशी जाऊन उजेडात ती सही वाचली, आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. कारागिराने मनातल्या मनात आपली हत्यारं गोळा करायला घेतली.

"आई, शाई पोटात जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी कवळी तोंडात घातली, दोनदा जबडा हलवला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलल्या. "जाऊ दे."

मग फोटो निघाला. सासूबाई अशा हसल्या, की मुलगा आईकडे बघत राहिला आणि पहिल्या चार फोटोंत त्याची फक्त पाठ आली. "आजी, थोडं कमी हसा," फोटोग्राफर म्हणाला. "नाही," आजी म्हणाल्या. नातीने आजीला मिठी मारली आणि तोच फोटो सगळ्यांत चांगला आला.

गडबड ओसरल्यावर सासूबाईंनी कारागिराला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"चेहरा छान जमलाय," त्या बाहुला हातात घेऊन म्हणाल्या. "मान अशीच टाकायचा. पण गिटारला सहा तारा घातल्यास तू. त्याच्या पहिल्या गिटारला पाचच होत्या. सहावी तुटलेली, आणि नवी घ्यायला पैसे नसायचे."

अकरा महिन्यांत त्या बाहुल्याकडे इतक्या बारकाईने बघणारं हे पहिलं माणूस होतं.

सासूबाईंनी कपाटाच्या तळातून एक पाकीट काढलं. त्यात पिवळा पडलेला एक फोटो होता. छोटंसं व्यासपीठ, त्यावर गिटार जुळवत बसलेला विशीतला एक पोरगा, दातांच्या फटीत आगकाडी. आणि अगदी पुढच्या खुर्चीवर, त्याच्याकडे बघून खळखळून हसणारी एक तरुणी. कारागिराने सवयीने आधी तिचे दात पाहिले. एका ओळीत, घट्ट, एकमेकांना चिकटून. सुईदेखील गेली नसती.

त्याने मान वर केली. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"कुणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," कारागीर म्हणाला. त्या दिवसात त्याने पोटात ठेवलेलं हे दुसरं गुपित होतं.

"आणि हा माझ्याकडेच राहील. माझे दात तू दुपारभर मिरवलेस ना? त्याचं भाडं."

त्याने बाहुल्याकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला इतका आनंद झाला होता की बाहेर येताना तो करंडक घ्यायलाच विसरला, आणि बायकोला परत जाऊन आणावा लागला.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात एक खोकं आलं. आत कुणातरी पेशंटच्या जबड्याची मापं होती आणि एका अनोळखी डॉक्टरांचं पत्र. नावाच्या जागी फक्त ‘एक वयस्कर गृहस्थ’. डॉक्टरीणबाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"कमाल आहे! कारागीर, हे काय लिहिलंय बघा: ‘सध्याची फट फार रुंद आहे. नवी कवळी सासूबाईंच्या मापाने करावी.’ यांना आमच्या आई कुठे भेटल्या?"

"कोण जाणे, मॅडम," कारागीर म्हणाला. त्याने ड्रॉवरमधून चिठ्ठीवर चिकटवलेली आगकाडी काढली, नवा डबा घेतला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच नावाची चिठ्ठी डब्याला लावली. मग जरा विचार करून एक झाकणालाही लावली.